फेरीबोट ऐकू न येणारी खोली

आमच्या घरात एक खोली आहे, जिच्यात फेरीबोट ऐकू येत नाही. आमच्या नदीकाठच्या नार्वे गावातल्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग म्हणतो, दाखव बघू. मी दाखवतो. मला दाखवायला आवडतं. पाहुणे आले की चहाच्या आधी मी त्यांना त्या खोलीत नेतो, दोन्ही दारं लावतो आणि तोंड मिटून उभा राहतो. बाहेरून बायको काहीतरी म्हणत असते, बहुतेक लोकांना आधी बसू तरी द्या, असंच. पण ते आत ऐकू येत नाही, आणि मला तेच तर दाखवायचं असतं.

मी बसवाला. डिचोलीहून पणजीला जाणारी माझी स्वतःची बस आहे आणि मीच ती चालवतो. या रस्त्यावर खिळ्यांचा डबा हलवल्यासारख्या वाजत जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. माझी वाजत नाही. खिडकीची एक काच जरी थरथरायला लागली तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. गाडी दारात लावली की मी आधी ती काच काढतो, खाचेतलं जुनं रबर खरवडतो, नवं बसवतो आणि मगच हातपाय धुतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. माझ्या गाडीत बसलेला माणूस पणजीपर्यंत निवांत झोपतो.

अशा माणसाच्या घरात देवाने हळू बोलणारी बायको पाठवली. ती पेडण्याकडची, हळर्णची. मासेवाली दारात उभी असली तरी हिचं बोलणं तिला ऐकू जात नाही, आणि हिने मागितले बांगडे तर ती तारले देऊन जाते. लग्न झाल्यावर सुरुवातीला मला वाटायचं, बाई माझ्यावर रागावली आहे की काय. तसं काही नव्हतं. आवाजच तेवढा. पण तो कानाजवळ आला की वेगळाच लागतो. प्रत्येक शब्द सुटा, धुऊन दोरीवर घातल्यासारखा.

गावाला या आवाजाचा एकच उपयोग सापडला होता. जत्रेला आमच्याकडे गावकरीच नाटक करतात, राजे-सरदारांचं, आणि नटांना विंगेतून वाक्यं सांगायला प्रॉम्प्टर लागतो. ते काम बायकोकडे आलं, कारण नटाला ऐकू जाईल आणि पुढच्या रांगेला जाणार नाही असा आवाज सबंध गावात दुसऱ्या कुणाचा नव्हता. वर्षानुवर्षं ती विंगेत पुस्तक घेऊन बसली. टाळ्या पडायच्या त्या नटांना. ही घरी येऊन म्हणायची, छान झालं हो नाटक.

एका जत्रेला राजाचं काम करणारा आमचा गाववाला ऐन दरबारात सगळं विसरला. बायकोने पहिले दोन शब्द सांगितले. राजा गप्प. तिने पुन्हा सांगितले. राजा नुसता विंगेकडे बघत राहिला. मग तिला दुसरं काही सुचेना, म्हणून ती पुढे वाचतच गेली. आणि मंडपवाल्याने वर टांगलेला एक मायक नेमका सरकून तिच्या डोक्याशी येऊन लोंबत होता. राजाचं अख्खं भाषण एका बाईच्या हलक्या आवाजात कर्ण्यांतून देवळाच्या आवारात गेलं. राजा तलवारीवर हात ठेवून उभा. मला वाटलं, आता लोक हसणार, आणि जो पहिला हसेल त्याला मी धरणार. कुणी हसलं नाही. चणे खाणाऱ्यांचीसुद्धा तोंडं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आमचं घर विचारत आल्या. पुण्याला असतात, कुलदेवाच्या जत्रेला इकडे येतात, आणि त्यांचं काम पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं: कुणीतरी सबंध पुस्तक वाचायचं, लोकांनी ते ऐकायचं. त्यांनी बायकोला विचारलं, घरून वाचाल का? मायक कोणता घ्यायचा ते त्या सांगणार होत्या, लॅपटॉप आमच्याकडे होताच. फक्त खोली शांत हवी. नमुना म्हणून एक पान वाचून पाठवायचं, आणि त्याच्या आधी मिनिटभर काही न बोलता ती खोली नुसतीच रेकॉर्ड करायची. आवाजाबरोबर शांतताही तपासतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या गेल्यावर बायको म्हणाली की तिला हे पाहिजे. हौस म्हणून नाही, काम म्हणून. तिने आजवर माझ्याकडे लुगडं-साडीसुद्धा तोंडाने मागितलेली नव्हती. मी म्हटलं, झालंच समज. बोलायला माझं काय जातं.

पहिला नमुना आम्ही झोपायच्या खोलीत केला, खिडक्या घट्ट लावून. पुण्याहून उत्तर आलं ते फार सभ्य होतं. आवाज सुरेख आहे, पण त्याच्याबरोबर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा आहे, कोंबडा आहे, कुणाच्या तरी घरचा मिक्सर आहे, आणि या सगळ्याच्या खाली एकसारखी घरघर आहे. ती कसली? मी हेडफोन कानाला लावले. फेरीबोट. धक्क्यावर उभी असतानाही तिचं इंजिन चालू असतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आम्हाला ऐकूच येत नव्हतं. बायकोचा आवाज हलका, म्हणून मायक वाढवावा लागतो. आणि मायक वाढवला की तिच्याबरोबर सगळं गाव वाढतं. बाईंनी कळवलं की एक पुस्तक तिच्यासाठी मनात धरलं आहे, पण दिवाळीपर्यंत खोली जमली नाही तर ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.

गावभर सल्ले सुरू झाले. सगळ्यांचा सल्ला एकच, तिला म्हणावं जरा मोठ्याने वाच. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो राजासुद्धा घरी येऊन छातीतून आवाज कसा काढायचा ते दाखवून गेला. भाषण विसरणाऱ्याने शिकवायला यावं, याचा मला इतका संताप आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो आवाज आहे तसा चांगला आहे म्हणून तर त्या बाई घर शोधत आल्या. मोठ्याने बोलणारी माणसं काय कमी आहेत? एक मीच आहे. बायकोने बदलायचं नाही, घराने बदलायचं, असं मी ठरवलं.

मागच्या बाजूची, नारळ आणि भात ठेवायची खोली मी रिकामी केली. नदीपासून ती लांब, आणि भिंती जुन्या चिऱ्यांच्या, हातभर जाड. मोबाइलवर बघितलं होतं की स्टुडिओत भिंतींना अंड्यांचे ट्रे लावतात. मग काय, रस-ऑम्लेटच्या गाडेवाल्याकडून ट्रे आणले आणि चारही भिंती मढवल्या. खोलीला कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वास यायला लागला आणि पाली येऊन राहिल्या. फेरीबोट होती तिथेच.

मी पुण्याला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे चाललंय काय. बाईंनी शांतपणे समजावलं. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम, आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत येऊ न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं आणि कुठे फट चालत नाही. दुसऱ्याला मऊपणा लागतो. अंड्यांच्या ट्रेत वजन नाही आणि हवा तेवढा मऊपणाही नाही.

फट चालत नाही, ही भाषा मला कळते. मी खोलीत जाऊन फटी शोधायला लागलो आणि शोधता शोधता वर बघितलं. आमच्या जुन्या घरांत आतल्या भिंती छपरापर्यंत जातच नाहीत. हात पोचतो त्याच्या थोडं वर त्या संपतात, आणि वर कौलांखाली सगळं घर एकच असतं. वारा खेळतो, आणि स्वयंपाकघरातली फोडणी पडवीतल्या माणसाला कळते. जन्मापासून त्या घरात राहिल्यामुळे ती भली मोठी मोकळी जागा मला फट वाटलीच नव्हती. भिंतींना ट्रे चिकटवत बसलो होतो आणि डोक्यावर सगळं उघडं. मी कपाळाला हात लावला. बायको दारात उभी राहून हसत होती. तिच्या हसण्याचाही आवाज होत नाही, खांदे तेवढे हलतात.

मग मात्र मी मागे बघितलं नाही. खोलीवर जाड प्लायवूडचं दुहेरी छत घातलं आणि त्याच्या कडा भिंतींशी गच्च भरून घेतल्या. जनेल, म्हणजे खिडकी, चिरे लावून बंद केली. एका दाराच्या जागी एकामागे एक अशी दोन भरीव दारं बसवली. आणि त्या दारांच्या कडांना मी माझ्या बसच्या काचांचं रबर लावलं. इतकी वर्षं जे काम मी गाडीवर केलं ते घरात पहिल्यांदा करत होतो, आणि हात आपोआप चालत होते. दुसरं दार लागताना फुस्स करून हवा निघाली. मी आत उभा. पोदेर नाही, कोंबडा नाही. श्वास रोखून धरला. फेरीबोट नाही. मला नाचावंसं वाटलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण आमच्याकडे खोली पुरी झाली म्हणजे ती चकाकली पाहिजे. नुसते चिरे दिसतात ती खोली गुरांची, असं आम्ही मानतो. मी ट्रे उपटून भिंतींना गिलावा केला, त्यावर पुट्टी, त्यावर तेलाचा रंग, खाली तोंड दिसेल अशा टाइल्स. आत सत्यनारायण घातला. लोक चपला बाहेर काढून येत, टाइल्सकडे बघत आणि म्हणत की स्टुडिओ असावा तर असा. माझी छाती फुगली होती. त्या गर्दीत कुणाला काही जाणवलं नाही. लोक गेल्यावर बायकोने एक पान वाचलं, आणि तिचा तो सुटा सुटा आवाज रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा घुमला. नमुना पाठवला. उत्तर आलं की बाहेरचं काहीच येत नाही, त्याबद्दल अभिनंदन, पण आता तुमची खोलीच बोलते आहे.

दिवाळी जवळ आली होती. पुढच्या दिवसांत मी दुपारी जेवायला घरी आलो की स्वयंपाकघरातून वेगळाच आवाज यायचा, ताणलेला, चिरका. एकदा मी दारात जाऊन बघितलं. बायको चुलीकडे तोंड करून मोठ्याने वाचायचा सराव करत होती. घसा बसला होता. मला बघितल्यावर तिने पुस्तक मिटलं.

“जाऊंदी आता,” ती म्हणाली. “तुमी किती म्हणून करतलात? हांव मोठ्यान वाचूंक शिकतां.”

मला भयंकर राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी आवाज चढवतो. “तू जर मोठ्यान वाचूंक लागलीस,” मी म्हटलं, “तर ती खोली मी कोणासाठी बांधली?”

तिने पुस्तक परत उचललं आणि जिथे सोडलं होतं तिथून, तिच्या नेहमीच्या आवाजात, मला वाचून दाखवलं. मी जेवायचं विसरलो. इतक्या वर्षांत ती माझ्यासाठी पहिल्यांदाच वाचत होती. मी नटांतला नव्हतो ना कधी.

मऊपणा लागतो, असं बाई म्हणाल्या होत्या. माळ्यावर माझ्या जुन्या बसच्या सीटा पडून होत्या, आतून काथ्याच्या जाड गाद्या असलेल्या. त्या टाकून दे म्हणून सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. मी त्या फाडल्या, काथ्या झटकून उन्हात वाळवला, लाकडी चौकटींत भरला आणि वरून बायकोने सुती कापड ताणून शिवलं. चौकटी भिंतीला अगदी चिकटवायच्या नाहीत, मागे थोडी जागा सोडायची, हेही बाईंनीच सांगितलं होतं. मायकाच्या समोर, पाठीमागे, दोन्ही अंगांना आणि छताला अशा चौकटी आल्या. टाइल्सवर सतरंजी आणि वाकळ अंथरली, त्या तोंड दिसणाऱ्या टाइल्सवर. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. मग आम्ही दोघं आत गेलो, मी टाळी वाजवली, आणि टाळी हातातच राहिली. परत आली नाही.

आता अडचण निघाली ती गावाची. आमच्याकडे दिवसाउजेडी घराचं पुढचं दार कुणी लावत नाही. दार लावलेलं दिसलं म्हणजे घरात भांडण झालं असणार किंवा कुणाचं काही बरंवाईट झालं असणार. नमुना करायला म्हणून आम्ही दार लावलं, आणि घटकाभरात शेजारची काकी मागच्या दाराने आत. तिने हाका मारल्या, ओ आली नाही, कारण आत ऐकूच गेल्या नाहीत. मग ती घाबरली आणि दोन्ही दारं ढकलून थेट मायकापुढे येऊन उभी राहिली. बायको जिवंत आहे हे बघून ती तिथेच वाकळीवर बसली आणि पाणी मागितलं. रागवावं तरी कसं? त्या दिवशी मी ठरवलं की पुढचं दार उघडंच ठेवायचं, आणि आत काम चालू असेल तेव्हा आल्यागेल्याला थोपवायला मी पडवीत बसायचं. त्या वेळेच्या फेऱ्यांना मी दुसरा ड्रायव्हर लावला. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही, हे गावाला माहीत आहे. त्यामुळे सगळ्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

पुन्हा नमुना गेला. आधी मिनिटभर काहीच नाही, मग एक पान. उत्तर येईपर्यंत मी प्रवाशांवर उगाचच खेकसत होतो. उत्तर बाईंच्या आवाजातच आलं. त्या म्हणाल्या, ते मिनिट ऐकताना त्यांना वाटलं की फाइल रिकामीच आली आहे, आणि मग मध्येच कुणीतरी पान उलटलं. पुस्तक तुमचं. सवडीने सुरू करा. बायकोने तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मी तो गाडीत लावला. डिचोलीपासून पणजीपर्यंत ज्यांना ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनीही ऐकला.

सगळं गोड झालं असं नाही. त्या खोलीत पंखा चालत नाही, वारा नाही, आणि आमच्याकडचा उकाडा तर ठाऊकच आहे. थोडं वाचलं की ती घामाने निथळत बाहेर येते, दारं उघडून खोलीला श्वास घेऊ देते, आणि परत आत जाते. पावसात काथ्याला बुरशी येईल, मग सगळं काढून पुन्हा वाळवावं लागेल. वाळवीन.

पुस्तक सुरू करायच्या दिवशी ती सकाळीच आवरून बसली. घरातली साडी बदलून तिने पणजीला जाताना नेसते ती नेसली, केसांत आबोली माळली. लॅपटॉप, पुस्तक आणि पाण्याची बाटली घेतली. मग मला सांगितलं की भात निथळत ठेवला आहे, मासेवाली आली तर बांगडे बघून घ्या, आणि शिजलेल्या उसळीवर झाकण ठेवायला विसरू नका. इतकी वर्षं मी बसवर जाताना तिला असंच काहीबाही सांगून निघायचो. तिने आतलं दार लावलं, मग बाहेरचं मी लावलं. फुस्स झालं.

मी खरं तर पडवीत जाऊन बसायचं होतं. पण राहवेना. दाराला कान लावला. सबंध गावात तो आवाज ऐकायची सगळ्यात जास्त इच्छा त्या घडीला मला होती. काही ऐकू आलं नाही. कान बदलून बघितला. पलीकडे चार हातांवर ती वाचत होती, पहिलं पान, कुणाच्याही मागे न लपता, आणि माझ्यापर्यंत त्यातलं अक्षरसुद्धा येत नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी केलेलं इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं बघितलेलं नाही.

तेवढ्यात काकी मागच्या दाराने आली. स्वयंपाकघर रिकामं, मागचं अंगण रिकामं, आणि मी दाराला कान लावून उभा. काही बरंवाईट झालं असेल म्हणून तिने आवाज खाली आणला.

“बायल खंय गेली रे तुजी?”

“कामार गेल्या,” मी सांगितलं.